‘मला घरी सोड’ असे आई रोज संध्याकाळी म्हणते, तिला काय उत्तर द्यावे?

आपण लिहिले आहे की आपल्या आईंचे वय ७६ असून दीड वर्षापूर्वी त्यांना अल्झायमरचे निदान झाले. वडील चार वर्षांपूर्वी गेले आणि त्यानंतर राजापूरजवळचे घर बंद करून आपण आईंना ठाण्याच्या फ्लॅटमध्ये आणले. गेल्या काही महिन्यांपासून त्या रोज साडेपाच-सहाच्या सुमारास दोन साड्यांचे गाठोडे बांधून दारात उभ्या राहतात आणि ‘मला घरी सोड, हे वाट बघत असतील’ असे म्हणतात. आपण त्यांना वडील गेल्याचे सांगता आणि त्या प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या रडतात. शिवाय आपल्या पाटल्या सुनेने घेतल्या असे त्या शेजारी सांगत फिरतात, त्यामुळे आपल्या पत्नी खचल्या आहेत. आईशी खोटे बोलणे योग्य आहे का आणि संध्याकाळी त्यांना शांत ठेवणारी एखादी गोळी देता येईल का, असे आपले दोन प्रश्न आहेत.

मी मनोविकारतज्ज्ञ असून गेली २३ वर्षे प्रामुख्याने वृद्ध रुग्णांवर उपचार करत आहे. आपल्या आईंना मी तपासलेले नाही, त्यामुळे पुढे लिहिलेल्यातले काय आणि किती त्यांना लागू पडेल, हे त्यांच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे लागेल. आजार कोणत्या टप्प्यावर आहे, त्यांना ऐकू आणि दिसते किती, घरात दिवसभर कोण असते, यांवर बरेच अवलंबून असते. उदाहरणांतील रुग्णांची ओळख पटू नये म्हणून तपशील मी बदलले आहेत.

आपण प्रश्न खरे की खोटे असा मांडला आहे. माझ्या मते मूळ अडचण त्याच्या थोडी अलीकडे आहे. आई जे बोलतात ते आपण माहिती म्हणून ऐकता आणि त्या माहितीतली चूक दुरुस्त करू पाहता. त्या मात्र त्या शब्दांतून आपली अवस्था सांगत असतात. ‘मला इथे परके वाटते आहे, काहीतरी करायचे राहून गेले आहे, माझे माणूस जवळ नाही’ हे नेमक्या शब्दांत मांडण्याची क्षमता आजाराने कमी केली आहे, म्हणून ते सगळे ‘मला घरी सोड’ या तीन शब्दांत येते. मग आपण पत्त्याविषयी बोलत राहतो आणि त्यांच्या भीतीला उत्तर मिळतच नाही.

हे मी पुस्तकातून शिकले नाही, माझ्या चुकीतून शिकले. नोकरीच्या पहिल्या वर्षी वॉर्डातल्या एक आजी सारख्या ‘माझी आई कुठे आहे?’ असे विचारत होत्या. रुग्णाला वास्तवाचे भान करून द्यावे असे त्या काळी आम्हाला शिकवलेले होते. मी त्यांना म्हटले, ‘आजी, तुमचे वय ८२ आहे, तुमच्या आई आता कशा असतील?’ त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि गप्प झाल्या. त्या रात्री त्यांनी अन्नाला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी काय बोलले होते ते त्यांना मुळीच आठवत नव्हते, पण मी खाटेपाशी गेले की त्या मान भिंतीकडे वळवत. पुढे आठवडाभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

असे का होते, याचे उत्तर मेंदूच्या रचनेत सापडते. अल्झायमरमध्ये हिप्पोकॅम्पस हा भाग सुरुवातीलाच बाधित होतो. आज, आत्ता घडलेली गोष्ट साठवून ठेवण्याचे काम त्याच्याकडे असते. भीती, दुःख, आपुलकी या भावनांचे अनुभव मात्र केवळ त्याच भागावर अवलंबून नसतात. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या अभ्यासात अल्झायमरच्या रुग्णांना आधी दुःखद आणि नंतर आनंददायक चित्रफिती दाखवल्या. काही मिनिटांतच रुग्णांना त्यांतले फारसे काही आठवेना, परंतु त्या पाहून आलेले दुःख आणि आलेला आनंद मागे रेंगाळत राहिला. आपल्या घरी रोज संध्याकाळी नेमके हेच घडते आहे. आपण सांगितलेली बातमी अर्ध्या तासात पुसली जाते, पण तिने दिलेला घाव राहतो, आणि कशाने दुखते आहे हे न कळणारी बाई रात्रभर बेचैन राहते. त्यामुळे ‘रोज सांगितले की हळूहळू लक्षात राहील’ ही अपेक्षा आता सोडून द्यावी.

काही बदलण्याआधी एक वैद्यकीय बाब पाहून घ्या. ही बेचैनी दोन-चार दिवसांत एकाएकी वाढली असेल, त्या मधूनच अतिशय सुस्त आणि मधूनच फार उत्तेजित होत असतील, नसलेली माणसे किंवा किडे त्यांना दिसत असतील, तर तो आजाराचा पुढचा टप्पा आहे असे गृहीत धरू नका. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, पाणी कमी पिणे, न सांगता येणारी दाढदुखी किंवा गुडघेदुखी, साखर खाली जाणे, यांपैकी कशानेही वृद्धांना डिलिरियम म्हणजे तात्पुरती तीव्र भ्रमावस्था येते आणि कारण दूर केले की ती बहुधा ओसरते. औषधांची पिशवी पूर्ण उलटी करून डॉक्टरांना दाखवा. सर्दीच्या गोळीतले क्लोरफेनिरामिन, लघवी आवरण्यासाठी दिले जाणारे ऑक्सिब्युटिनिन, दुखण्यावर किंवा झोपेसाठी दिलेले अमिट्रिप्टिलिन ही औषधे अशा मेंदूला आणखी गोंधळात टाकतात. अन्य डॉक्टरांनी अन्य कारणासाठी सुरू केलेले औषध वर्षानुवर्षे चालू राहिल्याचे मी वारंवार पाहते. आईंना मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल किंवा त्यांचा आहार शाकाहारी असेल, तर रक्तातले बी-१२ जीवनसत्त्व पुन्हा तपासावे. कानातला मळ आणि मोतीबिंदू या गोष्टी किरकोळ वाटतात, पण ज्याला नीट ऐकू येत नाही आणि दिसत नाही त्याला संध्याकाळच्या सावल्यांत काहीही दिसू शकते.

आता त्या संध्याकाळकडे वळू. दिवेलागणीला बेचैनी वाढणे हे या आजारात फार सर्वसाधारण आहे. मेंदूतले दिवस-रात्रीचे घड्याळ बिघडलेले असते, दिवसभर आपण कुठे आहोत याचा अंदाज बांधून बांधून मन थकलेले असते, उजेड कमी होतो, आणि त्याच वेळी घरात वर्दळ वाढते: मुले क्लासवरून येतात, दूरदर्शन सुरू होतो, कुकरच्या शिट्ट्या होतात. याशिवाय आपल्या आईंच्या बाबतीत मला आणखी एक कारण दिसते. कोकणातल्या घरात ज्या बाईने पन्नास वर्षे संसार केला, तिच्यासाठी साडेपाच-सहाची वेळ म्हणजे कामाची वेळ. गुरे परत येणार, वाळवण आत घ्यायचे, तुळशीपाशी दिवा लावायचा, चूल पेटवायची, नवरा बाजारातून येणार. ही शिस्त शरीरात इतकी खोल मुरलेली असते की वार आणि साल विसरले तरी ती वेळ शरीराला कळते. ठाण्याच्या फ्लॅटमध्ये त्या वेळी त्यांना करण्यासारखे काहीच नसते. मग आपले काम जिथे आहे तिथे जावे असे त्यांना वाटले तर ते स्वाभाविक आहे.

माझ्याकडे येणारे एक निवृत्त एस.टी. वाहक रोज सायंकाळी ‘हिशेब भरायचाय, डेपोत सोडा’ म्हणून दार बडवत असत. ‘अहो बाबा, तुम्ही रिटायर झालात’ हे सांगून मुलगी दमली होती. तिला आम्ही सुचवले की त्यांना एक चामडी पिशवी, चिल्लर आणि वही द्या. ते नाणी वेगळी करत, चळती लावत, वहीत आकडे लिहीत आणि मुलगी खाली ‘जमा’ असे लिहून सही करी. बेरीज बहुतेकदा चुकीची असे आणि कोणी ती तपासत नसे. त्यानंतर ते हात धुऊन जेवायला बसत. हा उपाय रोज लागू पडला असे मी सांगणार नाही. आठवड्यातून दोन-तीन वेळा तरीही ते दारापर्यंत जात, पण घरातली झटापट थांबली.

आईंसाठी आपल्याला त्यांचे असे काम शोधावे लागेल. दुपारची झोप अर्ध्या तासावर जाऊ देऊ नका आणि सकाळच्या उन्हात त्यांना थोडे चालवा. साडेचारला चहाबरोबर काहीतरी खायला द्या, कारण भुकेचे रूपांतरही बेचैनीत होते. अंधार पडण्याची वाट न पाहता पाचलाच घरातले सगळे दिवे लावा आणि खिडक्यांचे पडदे ओढून घ्या, म्हणजे काचेत प्रतिबिंबे दिसणार नाहीत. दूरदर्शनवरच्या बातम्या त्या वेळी बंद असाव्यात. आणि मग त्यांच्यापुढे कापूस ठेवा आणि वाती वळायला सांगा, किंवा मेथी निवडायला, शेंगा सोलायला द्या. निवडलेली भाजी पुन्हा निवडावी लागली तरी चालेल. देवापुढचा दिवा त्यांच्या हाताला हात लावून त्यांच्याकडूनच लावून घ्या. त्यांना लहानपणापासून पाठ असलेले श्लोक, ओव्या, आरत्या असतील तर त्या वेळी म्हणा. वारंवार म्हणून अंगवळणी पडलेले शब्द फार उशिरापर्यंत टिकतात, आणि जे माणूस एक वाक्य पुरे करू शकत नाही ते अख्खी आरती म्हणते तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जो आत्मविश्वास येतो तो मी अनेकदा पाहिला आहे.

इतके करूनही त्या गाठोडे घेऊन दारात आल्या तर आडवे उभे राहू नका. शेजारी उभे राहा आणि विचारा, ‘आई, घराची आठवण येतेय का गं? आत्ता अंगणात काय काय असेल?’ त्यांना बोलू द्या. आंबा, विहीर, गुरे, पडवी, जे येईल ते ऐका. पाच मिनिटांनी, ‘चहा घेऊन जाऊ या का?’ असे विचारता येते. शक्य असेल तर खरोखरच खाली घेऊन जा, इमारतीला एक फेरी मारा आणि परत आणा. अनेकदा परत येताना ‘आलो बाई एकदाचे घरी’ असे त्या स्वतःच म्हणतील. त्या एकट्या बाहेर पडण्याची शक्यता आहे, म्हणून सोसायटीच्या वॉचमनना आजाराविषयी स्पष्ट सांगून ठेवा आणि आईंच्या पदराच्या आतल्या बाजूला किंवा गाऊनच्या खिशावर आपला फोन नंबर शिवून ठेवा. त्यांचा अलीकडचा फोटो आपल्या मोबाइलमध्ये असावा.

आता आपला मुख्य प्रश्न. खोटे बोलावे का? ‘बाबा गावाला गेलेत, उद्या येतील’ असे सांगायला मी सहसा सुचवत नाही. आज ते चालून जाते, पण उद्या त्या सकाळपासून वाट पाहत बसतात. शिवाय खोटे बोलताना आपल्याला अपराधी वाटते, आणि आपला चेहरा आणि आवाज वाचण्याची त्यांची क्षमता आपण समजतो त्याहून पुष्कळ अधिक शाबूत असते. पण दरवेळी मृत्यूची बातमी द्यावी असेही मला वाटत नाही. या दोन्हींच्या मध्ये बरीच जागा आहे. ‘हे वाट बघत असतील’ याला ‘बाबांची आठवण येतेय ना? मलाही येते. ते संध्याकाळी आले की पहिल्यांदा काय विचारायचे?’ हे उत्तर देता येते. त्यात एकही शब्द खोटा नाही आणि त्या ज्याच्यासाठी व्याकूळ आहेत तो माणूस त्या बोलण्यात येतो.

मात्र कधी एखाद्या दिवशी त्या आपल्या डोळ्यांत पाहून ‘खरे सांग, ते गेले का रे?’ असे विचारतील. त्या क्षणी त्यांना काहीतरी कळलेले असते आणि त्या खात्री करून घेत असतात. तेव्हा टाळू नका. हात हातात घेऊन ‘हो आई, गेले’ असे सांगा आणि त्यांच्याबरोबर बसा, रडू द्या, आपल्यालाही रडू आले तर आवरू नका. आजार झाला म्हणून दुःख करण्याचा त्यांचा हक्क संपत नाही. फक्त त्यांनी न विचारता, वाद जिंकण्यासाठी, ते दुःख रोज त्यांच्या हातात देऊ नये. आणि एका बाबतीत मी अजिबात सवलत देत नाही: त्यांच्या समाधानासाठी एखादी गोष्ट न बोलणे आणि आपल्या सोयीसाठी किंवा लाभासाठी त्यांना फसवणे, म्हणजे काय आहे ते न सांगता कागदावर अंगठा घेणे, डॉक्टरांशी न बोलता जेवणात औषध मिसळणे, या गोष्टींची सरमिसळ करू नये.

पाटल्यांचेही मूळ तेच आहे. त्या वस्तू जपून ठेवतात, ठेवल्याची नोंद मेंदूत होत नाही, आणि जागेवर वस्तू नाही हे मात्र दिसते. मन अशी रिकामी जागा सहन करत नाही आणि उपलब्ध असलेले पहिले स्पष्टीकरण तिथे बसवते: कोणीतरी घेतल्या. आळ येतो तो बहुधा जी व्यक्ती सतत जवळ असते तिच्यावर, कारण रिकाम्या जागेशेजारी तीच उभी दिसते. आपल्या पत्नींना हे जरूर वाचायला द्या. हा आळ त्यांच्या वागणुकीचा निवाडा नाही; त्याच आईंचे सर्वाधिक करतात, म्हणून तो त्यांच्या वाट्याला आला आहे. ‘मी नाही घेतल्या’ असे म्हटले की खटला सुरू होतो. ‘आई, पाटल्या सापडत नाहीत म्हणजे जीव नुसता टांगणीला लागला असेल. चला, दोघी मिळून शोधू’ असे म्हटले की त्या सोबतीण होतात. सापडल्या की त्यांच्याच हाताला लागू द्याव्यात. तांदळाचा डबा, उशीचा अभ्रा, देव्हाऱ्यामागची जागा, घडी केलेल्या साडीचे पोट ही लपवण्याची नेहमीची ठिकाणे एकदा पाहून ठेवा. सोन्याच्या पाटल्या बँकेच्या लॉकरमध्ये ठेवून तशाच दिसणाऱ्या एक ग्रॅमच्या दोन जोड्या घरात ठेवल्या तर पुष्कळ ताण हलका होतो. एवढे सांगूनही, घरात बाहेरची माणसे येत असतील तर एकदा खरोखर चौकशी करा. आजारी माणसाची खरोखर चोरी झाली आणि कोणी विश्वास ठेवला नाही, असे मी दोन घरांत पाहिले आहे.

शेजाऱ्यांना आजाराविषयी सांगायला संकोच बाळगू नये. देशभरातील एका मोठ्या सर्वेक्षणाच्या अंदाजानुसार भारतात साठ वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे जवळजवळ ८८ लाख व्यक्तींना, डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश आहे; अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार. आपल्या मजल्यावर नसले तरी आपल्या इमारतीत आणखी एखादे घर याच गोष्टी दाराआड सोसत असण्याची शक्यता मोठी आहे.

गोळीविषयी. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमॅन्टिन या अल्झायमरसाठी दिल्या जाणाऱ्या औषधांचा उपयोग मर्यादित असला तरी काही रुग्णांना होतो, आणि ती चालू असतील तर स्वतःहून बंद करू नका. आपण विचारता ती ‘शांत ठेवणारी’ गोळी निराळी. अल्प्राझोलॅमसारख्या गोळ्यांनी गोंधळ आणि पडण्याचा धोका वाढतो, आणि या वयात खुब्याचे हाड मोडले तर सगळेच चित्र बदलते. अँटिसायकोटिक म्हणजे भ्रम-भास आवरणाऱ्या औषधांनी डिमेन्शियाच्या वृद्ध रुग्णांत मृत्यूचा धोका वाढतो असा स्पष्ट इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००५ सालीच दिलेला आहे. लेवी बॉडी या डिमेन्शियाच्या आणखी एका प्रकारात तर ती अतिशय घातक ठरू शकतात. मी ती लिहून देते, परंतु रुग्ण स्वतःला किंवा इतरांना इजा करत असेल किंवा भ्रमांमुळे भयाने ग्रासलेला असेल तेव्हाच, लहानात लहान मात्रेत, आणि काही आठवड्यांनी कमी करून बंद करण्याचा विचार आधीच ठरवून. गाठोडे बांधून दारात उभे राहणे या कारणासाठी मी ती देणार नाही. त्यांना औषधाने झोपवले तर त्यांची घाबरगुंडी तशीच राहील, फक्त आपल्याला दिसणार नाही.

आणि आता ज्यांच्याविषयी आपण दोनच ओळी लिहिल्या आहेत त्यांच्याविषयी. आंघोळ, कपडे, संडास, जेवण हे सगळे पत्नीच करतात असे आपल्या मजकुरावरून दिसते. वर सुचवलेले सगळे संयम मागणारे आहे, आणि सात-आठ तासांची झोप नसलेल्या, चोर ठरवल्या गेलेल्या माणसाकडून तो संयम मागणे अन्यायाचे आहे. संध्याकाळचे ते दोन तास आठवड्यातून किमान तीन दिवस आपण स्वतः घ्या. ऑफिसमधून लवकर निघणे जमणार नसेल तर त्याच दोन तासांसाठी एखाद्या अनुभवी मावशींना ठेवा. दिवसभराची बाई परवडत नाही अशा घरांतही हे बरेचदा जमते. आपल्या बहीण-भावंडांना केवळ भेटीला बोलावू नका, राहायला बोलवा. या आजारात आदरातिथ्याचे आणि गप्पांचे शिष्टाचार पुष्कळ काळ टिकतात, त्यामुळे दोन तासांसाठी आलेल्या नणंदेला ‘आई तर अगदी ठणठणीत आहे’ असेच दिसते आणि सून खोटी ठरते. सलग चार दिवस राहिल्यावर असे कोणी म्हणत नाही.

पुढचे पंधरा दिवस एका वहीत रोज एवढेच लिहा: बेचैनी किती वाजता सुरू झाली, त्याआधी काय घडले होते, झोप आणि पोट कसे होते, आणि कशाने त्या शांत झाल्या. वरच्यापैकी काय आपल्या घरी चालते आणि काय नाही ते त्या वहीतूनच कळेल, आणि डॉक्टरांनाही तिचा फार उपयोग होईल. पुढच्या तपासणीला पत्नींना बरोबर घेऊन जा, आणि आईंच्या अपरोक्ष त्यांना डॉक्टरांशी पंधरा मिनिटे एकटीने बोलता येईल अशी वेळ आधीच फोन करून मागून घ्या.